छोतारच्या सुटातली पिसं

सगळ्यात उंच शिखराच्या वाटेवरच्या नामचेच्या बाजारात चढाईच्या सामानाची आता चाळीसेक दुकानं झाली असतील. यांगजीने विकायला सुरुवात केली तेव्हा तिचं एकटीचंच होतं, आणि त्यालाही दुकान म्हणणं म्हणजे चेष्टाच. शनिवारच्या आठवडी बाजारात एक घोंगडी अंथरायची. तिच्यावर दोन बर्फकुदळी, बुटांना बांधायच्या लोखंडी काट्यांचे जोड, लोकरीचे जाड मोजे आणि कधी एखादा पितळी स्टोव्ह. खालून तांदूळ घेऊन आलेले भारवाहक येता-जाता त्या वस्तू पायाने उलट्यासुलट्या करून बघत आणि हसत.

माल घरचाच होता. तिचा नवरा काल्देन मोहिमांबरोबर जायचा. त्या काळी मोहिमेचे साहेब लोक आपल्या माणसांना नवाकोरा सगळा सरंजाम देत. कोट, बूट, झोपायची पिशवी, हातमोजे, काळे चष्मे. काल्देन तो गठ्ठा न सोडता तसाच घरी धाडायचा आणि स्वतः तीन मोहिमा जुने बूट आणि यांगजीने विणलेला स्वेटर घालून वर जायचा. एकटा तोच नव्हे, सगळे असंच करत. नवी वस्तू एकदा अंगाला लागली की निम्मी किंमत गेली, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. थंडी काय, सोसता येते. त्या गठ्ठ्यांवर यांगजीने घरावर पत्रे चढवले, दोन याकमाद्या घेतल्या. पुढे काल्देन गेला, तो अंथरुणावरच, छातीच्या दुखण्याने. दुकान तेवढं मागे राहिलं.

यांगजीला वाचता येत नव्हतं. छापावर काय लिहिलंय ते ती बघतच नसे. ती शिवण बघे. एका बोटाच्या रुंदीत टाके किती, दोरा मेणाचा आहे का, कोपऱ्यावर कापड दुहेरी घेतलंय का. मग चेन चार वेळा ओढे. शेवटी मूठभर कापड आतल्या पिसांसकट घट्ट आवळून धरी आणि सोडून देई. चांगली पिसं असली की ती हळूहळू फुगून वर येत, झोपेतून उठणाऱ्या मुलासारखी. हंसाच्या छातीवरच्या त्या मऊ पिसांना देठ नसतो. कोंबडीची, बदकाची चिरून भरलेली असली की बसल्या जागी बसून राहत आणि देठ बोटाला टोचत. चाळीस वर्षांत परदेशी माल कसा बदलत गेला ते तिच्या बोटांना माहीत होतं. जुने जर्मन बूट गाढवासारखे जड, पण तळ कधी सुटला नाही. मग हलका माल आला, मग आणखी हलका, आणि मग काठमांडूच्या थमेलमध्ये त्या सगळ्याच्या हुबेहूब नकला शिवल्या जाऊ लागल्या. तोच रंग, तीच अक्षरं, छातीवर तोच बिल्ला.

आता मोहिमा काढणाऱ्या कंपन्या सामान देत नाहीत. सामानाचे पैसे रोख देतात आणि सांगतात, तुमचं तुम्ही घ्या.

चैत्रात तिचा मुलगा फुर्तेम्बा काठमांडूहून परत आला तो पाठीवर नवी लाल पिशवी घेऊन. वैशाखात त्याला सगळ्यात उंच शिखरावर जायचं होतं, एका गिऱ्हाइकाला घेऊन. चुलीपाशी बसून त्याने सूट बाहेर काढला. टोपीपासून घोट्यापर्यंत एकसंध, केशरी रंगाचा, पिसं भरलेला. सून निमडिकी बटाट्याच्या पोळ्या थापत होती, तिने हात पुसून तो अंगाला लावून बघितला.

"अगदी परदेशी दिसतो," ती म्हणाली.

यांगजीने सूट जवळ ओढला. तिने बाही आवळली, सोडली. पुन्हा आवळली.

"आमा, नाडी बघतेस काय त्याची?" फुर्तेम्बा म्हणाला.

"असती तर बघितली असती. कितीला घेतलास?"

"खऱ्याच्या पाचव्या हिश्शात."

"आणि बूट?"

"तेही थमेलचेच. बघू नकोस, उगाच तोंड कडू करशील."

"बाकीचे पैसे?"

"पेमाच्या शाळेला भरले. पोरीचे सहा महिन्यांचे एकदम. आमा, वर जाऊन मला लग्नाला बसायचं नाहीये. दोन दिवसांचं काम. बाबांनी तर स्वेटरवर काढलं."

ही विद्या त्याला घरातच मिळाली होती. काल्देनचे न सोडलेले गठ्ठे घोंगडीवर मांडणारी तीच होती. पण काल्देन वरच्या तळापर्यंत ओझी वाहायचा आणि खाली यायचा. फुर्तेम्बाला शिखरावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभं राहायचं होतं. चालणाऱ्या माणसाची थंडी वेगळी, उभ्या माणसाची वेगळी.

"मागच्या खोलीत एक आहे," ती शेवटी म्हणाली. "खरा आहे. तुझ्या मापाचा."

"कुणाचा?"

निमडिकीने पोळी उलटायची थांबवली.

"त्याचाच ना," फुर्तेम्बा म्हणाला. "खालच्या आळीतल्या त्याचा."

आंग छोतार मागच्या वर्षी हिमनदीत बर्फाच्या कड्याखाली सापडून मेला होता. सूट तेव्हा त्याच्या अंगावर नव्हता, तळावरच्या तंबूत पिशवीत होता. एकोणपन्नास दिवसांचं क्रियाकर्म झाल्यावर त्याच्या बायकोने रीतीप्रमाणे त्याचे कपडे गोम्पाला, गावच्या मठाला दिले. गोम्पाने ते विकले आणि यांगजीने घेतले, नेहमी घेत असे तसे. असा माल ती मागच्या खोलीत वेगळा टांगे आणि फक्त परदेशी लोकांना विकी. त्यांना काही लागत नाही, असं सगळेच धरून चालत. आपल्या माणसाला तिने तो कधी दिला नव्हता, आणि दिला असता तरी कुणी घेतला नसता. मेलेल्याचं अंगावर घातलं की तो बरोबर चालतो. त्याचं नावसुद्धा घ्यायचं नसतं.

"सूट बघ तरी," यांगजी म्हणाली. "त्याने तो तीनदाच घातलाय."

"आमा, लामागुरूंना कळलं तर पूजेला उभं करणार नाहीत मला. माझ्या दोरीला कुणी दोरी बांधणार नाही. तुझ्या डोक्यात येतं तरी कसं?"

"बरं," ती म्हणाली. "पोळी खा."

दोन दिवसांनी फुर्तेम्बा कंपनीचे याक आणायला पांगबोचेला गेला, चार दिवसांसाठी. निमडिकी सकाळपासून शेतात असायची, बटाट्याची लावणी चालू होती. यांगजीने दुकानाला कुलूप लावलं आणि घराची खिडकी बंद करून केसांना घट्ट फडकं बांधलं. मग केशरी सूट मांडीवर घेऊन उसवायला बसली.

प्रत्येक कप्पा ती आतल्या बाजूने, शिवणीतच, चार बोटं उघडे. आतली चिरलेली पिसं पोत्यात झाडून टाकी. त्यांना खुराड्याचा वास होता. मग छोतारच्या सुटाचा तोच कप्पा उघडायचा, हाताने ती पांढरी हलकी पिसं काढायची, उडू नयेत म्हणून श्वास आवरून, आणि इकडे भरायची. छातीत जास्त, पाठीत जास्त, गुडघ्यावर जास्त. मग त्याच भोकांतून दोरा घालून कप्पा बंद करायचा. हात चालू असताना तोंडाने ती मणी जपत होती. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. छोतारला तिने लहानपणी नाक पुसताना पाहिलं होतं. सुरुवातीलाच तिने धुपाच्या पाल्याचा धूर केला, दोन्ही सुटांवर जवाचे दाणे टाकले आणि छोतारला सांगितलं, बाबा, तुला आता थंडी नाही, याला आहे. राग धरू नकोस.

मेलेल्याला ती मानत होती. थंडीला जास्त मानत होती, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने केशरी सूट आवळून सोडला. तो फुगून वर आला. तिने तो पुन्हा पिशवीत घातला, वर फुर्तेम्बाने घातली होती तशीच पावती ठेवली. छोतारच्या सुटाचं रिकामं कापड तिने तळातल्या पेटीत दडपलं.

बूट मात्र तसेच राहिले. तिने ते हातात घेऊन वाकवले, आत हात घालून चाचपलं. आतला थर पावाच्या लादीसारखा दबत होता. बुटाच्या आत सुई पोचत नाही, आणि फुर्तेम्बाच्या मापाचा दुसरा जोड ना तिच्या दुकानात होता, ना बाजारात. तिने चौकशी केली होती. दोन जोडी लोकरी मोजे तिने पिशवीत सरकवले.

वैशाखाच्या शेवटी निरोप आला. शिखर झालं होतं. उतरताना फुर्तेम्बाच्या गिऱ्हाइकाचा प्राणवायू संपला आणि दुसरी टाकी येईपर्यंत तो त्याला धरून धारेवर बसून राहिला, दोन तास, वाऱ्यात. गिऱ्हाईक वाचलं. फुर्तेम्बाला हेलिकॉप्टरने काठमांडूच्या इस्पितळात नेलं. डाव्या पायाची पाचही बोटं गेली आणि उजव्याची तीन.

आषाढात तो घरी आला, लुक्ल्याच्या विमानतळापासून घोड्यावर बसून. निमडिकीने त्याला उतरवून घेतलं. तो हसला, दारातल्या लोकांशी थट्टा केली, आता चप्पल स्वस्तात पडेल म्हणाला. रात्री पाय उशीवर ठेवून बसला तेव्हा यांगजीने विचारलं, "अंगाला लागलं का रे, थंडी?"

"नाही, तेच सांगतोय सगळ्यांना. बूट दगाबाज निघाले. पण सूट?" त्याने मान हलवली. "आमा, तू उगाच नावं ठेवलीस. दोन तास बसलो मी, छाती गरम, पाठ गरम. बाजूला त्या साहेबाचा सूट, माझ्या पाचपट किमतीचा, आणि तो कुडकुडत होता. थमेलवाल्याने फसवलं नाही हो."

यांगजी चुलीत लाकूड सारत राहिली. तिला वाटलं, माझा मुलगा जिवंत बसलाय, बोटं गेली तर गेली. एवढ्यावर हे मिटलं तर मिटू दे.

मिटणार नव्हतं. फुर्तेम्बाला भेटायला येणारे सगळे चढाईवालेच. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, बुटांवर पैसे घाला, सुटावर नको. दुकानाचं नाव सांगे, गल्ली सांगे. माझं नाव सांगा, कमी करेल, म्हणे. आठ बोटं देऊन आलेल्या माणसाचा शब्द. त्याहून खात्रीचा शब्द कुठला असणार?

भाद्रपदात निमडिकीचा धाकटा भाऊ ग्याल्झेन आला. सव्वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. तो मनास्लू शिखराला निघाला होता, पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर. पिशवी खाली टाकून त्याने केशरी सूट काढला, तोच रंग, तोच बिल्ला.

"भेना, तुमचं नाव सांगितलं," तो आपल्या मेहुण्याला, फुर्तेम्बाला म्हणाला. "दुकानदार म्हणाला, त्यांच्यामुळे या महिन्यात माझे अकरा सूट गेले. चहा पाजला मला. आम्ही चौघांनी घेतले एकदम."

"आणि बूट?"

"बूट ओरिजिनल. तुम्ही म्हणालात तसं."

यांगजी पुढे झाली आणि तिने बाही आवळली. सोडली. कापड तसंच चुरगळून राहिलं. देठ तिच्या अंगठ्याला टोचला.

"ग्याल्झेन, हा नको घालूस."

"झालं सुरू," फुर्तेम्बा म्हणाला.

"आमा, सगळा बाजार म्हणतो तुम्ही थमेलच्या मालाच्या वैरी," ग्याल्झेन हसून म्हणाला. "तुमचं दुकान आहे, चालायचंच. पण भेना सांगतात ना. ते घालून बसले होते."

"यात कोंबडीची पिसं आहेत. चिरलेली. उंचीवर घाम धरतील आणि गोळा होतील. तुझ्या पाठीवर नुसतं कापड राहील."

"मग यांचं कसं नाही राहिलं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. निमडिकी चहात लोणी घुसळत होती, तिचा हात चालूच होता. यांगजीला त्या क्षणी अजूनही गप्प बसता आलं असतं. पुढे कितीतरी दिवस तिने त्या क्षणाचा विचार केला. गप्प बसली असती तर काय झालं असतं? तेच झालं असतं. निदान घर तरी एक राहिलं असतं.

"त्याच्यात ही पिसं नव्हती," ती म्हणाली. "मी बदलली. छोतारच्या सुटातली काढून भरली."

नाव ऐकताच निमडिकीने दोन्ही हात कानांवर ठेवले. घुसळणी कलंडली, चहा जमिनीवर पसरला, कुणी उचलली नाही.

फुर्तेम्बा आपल्या पायांकडे बघत होता.

"म्हणजे तो माझ्याबरोबर होता," तो म्हणाला. "सगळा वेळ. धारेवर."

"धारेवर तुला गरम ठेवलं ते त्या पिसांनी. तुझे पाय बुटात होते रे, सुटात नव्हते."

"मी दोनदा उठायला गेलो आमा. दोनदा. पाय उचलले नाहीत. मला वाटलं दमलोय."

"थंडीने उचलले नाहीत."

"त्याने बसवून ठेवलं," निमडिकी म्हणाली. ती भिंतीशी गेली होती. "त्याला एकट्याला बसवेना म्हणून यांना बसवून ठेवलं. आमा, तुम्ही तुमच्या हाताने त्याला यांच्या अंगात शिवलात."

यांगजीने ग्याल्झेनकडे वळून बघितलं. निदान याला तरी कळेल, तिला वाटलं. याचाच तर जीव मध्ये आहे.

"तुला माझ्यावर रागवायचं तर रागव. पण समजून घे. गरम ठेवलं ते त्या चांगल्या पिसांनी. तुझ्यात ती नाहीत. माझ्याकडे स्वच्छ पिसं आहेत, एका जिवंत बाईच्या झोपायच्या पिशवीतली, ती पुण्याईने अजून फ्रान्सात हिंडतेय. तीन दिवस दे. मी भरून देते."

ग्याल्झेनने सूट तिच्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही, अदबीने घेतला, आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

"नको आमा. तुमचा हात नका लावू."

"तू गोठशील."

"हा कोरा आहे. याला माणसाचा हात लागलेला नाही, मशीनचा लागलाय. भेनांचा सूट चांगलाच होता, तुम्ही त्याला बाधा लावलीत." तो पिशवीचा बंद ओढत होता आणि त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, अवघड कोडं सोपं निघाल्यासारखं. "एवढंच ना. ती बाधा माझ्यात नाही."

दुसऱ्या दिवशी लामागुरू आले. अंगणात सकाळभर पोथी चालली. फुर्तेम्बाचा सूट आणि पेटीतलं छोतारचं कापड, दोन्ही बाहेर आणून जाळली. वरचं कापड काळा धूर सोडत वितळलं, आतली पिसं मात्र एका फुंकरीसरशी गेली. यांगजी दारात उभी राहून बघत होती. एवढा चांगला माल तिला पुन्हा दिसणार नव्हता. शेजारणी लांबून बघत होत्या. त्यांच्यातल्या दोघींचे मुलगे ग्याल्झेनबरोबर निघाले होते. पूजा संपल्यावर ती त्यांच्याकडे गेली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, सुटाचं, पिसांचं, बुटांचं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हातारीचं ऐकून घेतात तसं. एकीने तिचा हात आपल्या हाताला लागू नये म्हणून हात मागे घेतला.

ग्याल्झेन जेवून निघाला. यांगजीने त्याच्या गळ्यात निरोपाचा पांढरा रेशमी पट्टा, खाता, घालायला घेतला होता, पण तो निमडिकीने घातला.

फुर्तेम्बा आईशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याशी लागेल तेवढंच बोलू लागला, मीठ दे, दार लाव. पायांची पट्टी तो आता निमडिकीकडून बदलून घेई. दुकानात दुरुस्तीला कुणी काही आणेना. परदेशी लोक येत, त्यांच्याशी तिचं बोलणं बोटांच्या खुणांवर भागे.

रोज सकाळी ती गोम्पाला फेरी घालू लागली. जन्मभर तिने मोहिमेवर गेलेल्या माणसांसाठी एकच मागितलं होतं, वर पोचू दे आणि सुखरूप उतरू दे. आता ती प्रार्थनेची चाकं फिरवत पुटपुटायची, यांना वर पोचू देऊ नकोस. खालीच बर्फ पाड. तळावरच अडकव. कंपनी बुडाली तर बुडू दे, त्यांचा शिखराचा पैसा बुडू दे. त्या सुटांवर वेळ येऊ देऊ नकोस.

आश्विनाच्या मध्यावर एका दुपारी निमडिकीचा फोन वाजला. ती बोलत बोलत अंगणात गेली आणि परत आली.

"कोण होतं?" फुर्तेम्बाने विचारलं.

"ग्याल्झेन. तळावरून."

यांगजी उन्हात मोजे निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"काय म्हणतो?"

"मजेत आहे. हवा एवढी स्वच्छ कधी बघितली नाही म्हणतो. ढगाचा तुकडा नाही. उद्या पहाटे सगळे वर निघणार."

"चांगलं झालं," फुर्तेम्बा म्हणाला.